गोदाकाठचा आडपडदा

गोदावरीच्या काठी दाट झाडी आहे आणि एक देवभोळा गृहस्थ तिथे फिरायला येतो. वाटेत त्याला एक कुत्रं छळत असतं. गावातली एक बाई मोठ्या आपुलकीने त्याला कळवते, की आता खुशाल हिंडा, ते कुत्रं आज मेलं. कसं मेलं? तर याच झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने त्याला मारलं.

आता कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचं नाव ऐकून पुन्हा त्या बाजूला फिरकेल का? बाईला तेच हवं आहे. ती झाडी म्हणजे तिची आणि तिच्या प्रियकराची भेटायची जागा, आणि हा भाविक नेमका तिथेच कडमडतो. ‘येऊ नका’ असं एका अक्षराने न म्हणता, उलट ‘या’ म्हणत, तिने त्याची वाट कायमची बंद केली.

हे सगळं दोन ओळींत येतं. पहिल्या ओळीत ३० मात्रा, दुसरीत २७. एकूण ५७ मात्रांचा खेळ. भाषा महाराष्ट्री प्राकृत, आणि अशा सुमारे सातशे गाथांचा संग्रह म्हणजे ‘गाहा सत्तसई’, आपली गाथासप्तशती. संग्रह करणाऱ्याचं नाव परंपरेने सातवाहन राजा हाल असं सांगितलं जातं. कोटीभर गाथांतून या सातशे वेचल्या, असं संग्रहाच्या आरंभीच म्हटलं आहे. कोटीचा आकडा कविमनाचा असणार, पण वेचक नजर खरी आहे. हस्तलिखितांमध्ये फरकही पुष्कळ. सर्व पाठपरंपरांना समान अशा गाथा साधारण ४३० भरतात. बाकीच्या कुठे आहेत, कुठे नाहीत. म्हणजे ही पोथी शतकानुशतकं वाढत, बदलत राहिली.

आणि हिच्यात वस्ती कोणाची? गावचा मुखिया, त्याची मुलगी, नांगर धरणारा कुणबी, व्याध, पाणपोईवर बसलेली पोर, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको, पडवीत पथारी मागणारा वाटसरू. राजवाडा जवळजवळ नाहीच. गोदा, तापी, रेवा, विंध्याचं रान, भाताची खाचरं, कापसाची शेतं. सगळं खेडंच खेडं.

इथे एक कोडं उभं राहतं. संस्कृत काव्यशास्त्रात दोषांची भली मोठी यादी आहे आणि तिच्यात ‘ग्राम्य’ हा दोष ठळकपणे बसलेला आहे. अकराव्या शतकातला मम्मट तर कमरेला ‘कटि’ म्हटलं तरी नाक मुरडतो. पण याच परंपरेतल्या, नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त काव्याचा आत्मा म्हणजे ध्वनी, न बोलता सुचवलेला अर्थ, हा सिद्धांत मांडला, तेव्हा पहिल्याच प्रकरणात पुढे केली ती ही कुत्र्या-सिंहाची गाथा! ज्यांच्या लेखी ग्राम्यपणा हा डाग, त्यांना काव्याचा परमोच्च नमुना सापडतो तो खेड्यातल्या बाईच्या तोंडी.

कोड्याची किल्ली दंडीकडे आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेत होऊन गेलेल्या या पंडिताने ‘काव्यादर्शा’त ग्राम्यपणा उदाहरण देऊन समजावला आहे. एक पुरुष मुलीला सरळच विचारतो, की मला तू हवीस, मग मी तुला का नको? दंडी म्हणतो, हे ग्राम्य. दुसरा तीच गोष्ट वळणाने सांगतो: मदन माझ्याशी फार निष्ठुरपणे वागतोय, तुझ्याशी मात्र त्याचं वैर नाही, एवढं बरं. हे ग्राम्य नाही. मागणी दोघांची एकच. पहिल्याने ती समोरच्याच्या अंगावर टाकली, दुसऱ्याने तिला नाकारायला किंवा स्वीकारायला जागा ठेवली. या दंडीला कोण कुठल्या गावात राहतो, पायात वहाण आहे की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. ग्राम्य माणसात कमी पडते ती आडपडद्याची कला.

मग ही कला खेड्यातच इतकी फुललेली कवींनी का दाखवावी? उत्तर गाथांमध्येच आहे. खेड्यात एकांत नसतो. एका गाथेत सून रात्रीच्या पाहुण्याला दिवसाउजेडी बजावते, की सासू इथे झोपते, मी इथे झोपते. नीट बघून ठेव बाबा, तू रातांधळा, अंधारात आमच्या अंथरुणावर येऊन पडशील. सासूच्या कानी पडते ती मर्यादाशील ताकीद. वाटसरूला मिळतो तो घराचा नकाशा. आनंदवर्धनाने हीही गाथा घेतली आहे: पहिल्या गाथेत तोंडी होकार आणि पोटात नकार, इथे तोंडी नकार आणि पोटात होकार.

जिथे भिंतीला नव्हे तर माणसामाणसाला कान असतात, तिथे प्रत्येक वाक्याला दोन ऐकणारे असतात आणि एकाच वाक्यात दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं. शहरात दार लावून घेता येतं. कामसूत्रकार वात्स्यायनाच्या नागरकाला, म्हणजे शौकीन शहरवासीयाला, स्वतंत्र शयनगृह आहे, बाग आहे, खुंटीला वीणा आहे. गावातल्या जोडप्याला आहे तो पिकाचा आडोसा, आणि तोही हंगामापुरता.

म्हणून एका गाथेत भाताची शेतं पिकून पांढरी पडू लागतात आणि एक मुलगी मान खाली घालून रडू लागते. मैत्रीण समजूत काढते, की रडतेस कशाला, तिकडे तागाचं शेत बघ, हरताळ फासलेल्या नटीच्या तोंडासारखं पिवळं झालंय. कृषिशास्त्र आणि प्रेमशास्त्र इथे एकमेकांत मिसळून गेलं आहे. भात कापलं की लपायची जागा जाते. त्याच सुमारास उंच वाढलेला ताग पिवळ्या फुलांनी भरून येतो. हे पंचांग ठाऊक नसेल, तर शहरी पंडिताला गाथेतलं अवाक्षर कळणार नाही. इथे अडाणी ठरतो तो वाचक!

कधी तर बोलण्याचीही गरज पडत नाही. पाणपोईवर वाटसरू ओंजळ करतो, पण बोटं फाकवून, म्हणजे पाणी गळत राहील आणि वर बघायला वेळ मिळेल. ओतणाऱ्या पोरीनेही धार बारीक बारीक करत नेली आहे. तहान कोणाची आणि कशाची, हे सांगायला कवी थांबलेला नाही. आणि तो म्हातारा व्याध! व्यापारी त्याच्याकडे हस्तिदंत नि वाघाची कातडी मागायला येतो. म्हातारा म्हणतो, चेहऱ्यावर बटा भुरभुरणारी सून घरात वावरतेय तोवर ते कुठून मिळायचं? पोरगा शिकारीला जातच नाही, हे व्यापाऱ्याने ओळखायचं.

हे सगळं खुद्द गावकऱ्यांनी रचलं, असं मात्र समजू नये. सातवाहनांचं पैठण ही नामांकित बाजारपेठ होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर तिची नोंद आहे आणि तिथून पट्टेदार मौल्यवान दगड बंदरावर येत, असंही लिहिलं आहे. गाथांची प्राकृतही घोटून गुळगुळीत केलेली साहित्यभाषा आहे. महाराष्ट्रात रुजलेली प्राकृत सर्वांत उत्कृष्ट, असा निर्वाळा दंडीनेच दिला आहे. तेव्हा हे शहाण्यासुरत्या, बहुधा शहरी कवींनी रंगवलेलं खेडं. त्यात गावकऱ्यांची थट्टा किती आणि कौतुक किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. वाद व्हावा इतका पडदा कवींनीही ठेवला आहे. जर्मनीत आल्ब्रेख्त वेबर यांनी १८८१ साली या संग्रहाची मोठी आवृत्ती काढली आणि मराठीत स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तो सविस्तर प्रस्तावनेसह आणला. त्यामुळे प्रत्येकाला आपल्यापुरता निवाडा करता येतो.

दंडीची फूटपट्टी मात्र अजून चालते. हायवेवरच्या ढाब्यासमोर बैलगाडीचं चाक टेकवलेलं असतं, आत कंदिलाच्या आकाराचे विजेचे दिवे, वाढप्याच्या डोक्यावर फेटा आणि पाटीवर हातभर अक्षरांत ‘अस्सल गावरान’. झाकलेलं काही नाही, सुचवलेलं काही नाही, ओळखायला काही ठेवलेलं नाही. त्या पाटीवर दंडी ‘ग्राम्य’ असा शेरा मारील, आणि पलीकडच्या शेतात सासूदेखत वाटसरूशी बोलणाऱ्या सुनेला नागर म्हणेल.