व्हिडिओचे ओझे हलके कसे करावे?

समजा, शाळेत भूमितीचा एखादा पाठ छान रंगला आणि कोणी तो चाळीस मिनिटे मोबाइलवर टिपून ठेवला. जी मुले त्या दिवशी आजारी होती, कापूस वेचायला गेली होती, त्यांना तो दाखवावा, शेजारच्या वाडीवरच्या शाळेलाही द्यावा, हा विचार चांगलाच. पण फाइल संगणकावर उतरवून पाहावी, तर ती निघते जवळजवळ पाच जीबीची! पेनड्राइव्हवर जागा असूनही तो ती घेत नाही. मोबाइलवरून पाठवावी, तर घेणाऱ्याचा दिवसाचा डेटा अर्ध्या वाटेतच संपतो. मग हे ओझे हलके कसे करावे? आणि ते करताना पाठच तर हरवणार नाही ना?

आधी हे ओझे येते कुठून ते पाहू. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस या वेगाने दाखवलेली स्थिर चित्रे. 'फुल एचडी' चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० असे वीस लाखांवर ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरा, सेकंदाला २५ चित्रे धरा, की एका मिनिटाचे ९ जीबीहून अधिक होतात. अर्थात, मोबाइल एवढे साठवीत नाही. तो टिपतानाच चित्रे आवळतो. पण घाईने, म्हणून जरा सैल बांधतो. संगणकाला सवड असते. तो तेच गाठोडे सोडून पुन्हा घट्ट बांधू शकतो.

हे बांधणे कसे होते? वाण्याच्या वहीत एकच नाव दहा ओळींत यायचे असेल, तर तो पहिल्या ओळीत नाव लिहितो आणि खाली नुसत्या दोन रेघा ओढतो. संगणक तेच करतो. पाठात फळा, भिंत, खिडकी जागच्या जागी असतात; हलतात ते गुरुजींचे हात आणि ओठ. म्हणून एक चित्र पुरे लिहायचे आणि पुढच्या चित्रांत फक्त बदल तेवढा नोंदवायचा. दुसरी युक्ती अशी, की डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळायचे. यामागचे एक महत्त्वाचे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. अहमद हे मूळचे बंगळूरचे. त्या गणिताचा वारसा आजही जगभरच्या व्हिडिओंत चालू आहे.

आता थोडा हिशेब. दर सेकंदाला किती बिट खर्च होतात, त्याला बिटरेट म्हणतात. सेकंदाला १६ मेगाबिट धरले, तर २४०० सेकंदांचे ३८,४०० मेगाबिट झाले. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा : ४,८०० एमबी. पुष्कळ पेनड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीचे असतात आणि त्यांत ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. नकाराचे कारण हे! तोच बिटरेट २ मेगाबिटवर आणला, तर फाइल ६०० एमबीची होते.

प्रत्यक्ष कृतीसाठी 'हँडब्रेक' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात मूळ फाइल उघडा. सुरुवातीची खुर्च्यांची ओढाताण आणि शेवटचा गलका नको असेल, तर हव्या त्या भागाचे सेकंद देऊन तेवढाच घ्या. मग तयार मांडण्यांपैकी 'फास्ट ७२०पी३०' निवडा. चित्र १२८० बाय ७२० चे झाले, की ठिपके निम्म्याहून कमी होतात. गुणवत्तेचा आकडा २० ते २३ च्या दरम्यान ठेवा. इथे आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी, हे ध्यानात असू द्या. बांधणीची पद्धत एच.२६४ ठेवावी. ही २००३ सालची असल्याने जुन्या संगणकांवरही सहसा चालते. २०१३ ची एच.२६५ फाइल आणखी लहान करते खरी, पण जुनी यंत्रे तिथे अडखळतात.

कोणी म्हणेल, 'झिप' केली तर? फारसा उपयोग नाही. चरकातून निघालेली चिपाडे पुन्हा पिळून रस किती निघणार?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाळलेला बारकावा परत येत नाही. भिंतीचा रंग थोडा फिका झाला, तर बिघडत नाही. पण फळ्यावरचे दशांशचिन्ह पुसट झाले, तर २.५ चे २५ होतात. अनुस्वार गेला, तर 'मंद' चा 'मद' होतो! आणि समोर विचारायला गुरुजी नसल्यामुळे मूल तेच खरे धरून चालते. म्हणून आधी ज्या मिनिटाला फळ्यावर सर्वांत बारीक अक्षर आहे, तेवढेच मिनिट बांधून पाहा. ते लहान मोबाइलच्या पडद्यावर वाचता आले, तरच पुरा पाठ करा. वाचता येत नसेल, तर आकडा दोनाने उतरवा, किंवा चित्र १०८० चेच ठेवा. मूळ फाइल जपून ठेवा. आवळलेली फाइल पुन्हा आवळू नका. दर खेपेला थोडे आणखी गळते.

खरे तर निम्मे काम टिपतानाच होते. हातात धरलेला मोबाइल हलला, की भिंतसुद्धा हलते, आणि संगणकाला सारेच बदल म्हणून लिहावे लागते. अंधारात चित्रात रवाळ मुंगेरी येते, तीही जागा खाते. तेव्हा मोबाइल स्टुलावर टेकवा, खिडक्या उघडा आणि फळ्यावर अक्षर मोठे काढा. फाइल आपोआप हलकी होईल, आणि वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यालाही त्याचा फायदा होईल.