मधल्या सुट्टीची पंगत

शाळेच्या वेळापत्रकात ज्याला विषयाचे नाव नसते आणि ज्याची परीक्षा होत नाही, असा तास एकच. तो म्हणजे मधली सुट्टी. शिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते तीत अभ्यासक्रम येतो, माध्यम येते, गुणवत्ता येते. जेवणाची सुट्टी येत नाही, आणि आलीच तर उष्मांकांच्या हिशेबापुरती येते. वस्तुतः आपले घर आणि शेजारच्याचे घर यांत अंतर आहे, ही जाणीव मुलाला प्रथम होते ती याच तासाला. गणवेश सर्वांचा एक असतो, पुस्तके एक असतात. डबा मात्र ज्याच्या त्याच्या घरचा असतो. झाकण उघडले की घरची मिळकत, आईला सकाळी मिळालेला वेळ, चालीरीती आणि पुष्कळदा जातही उघडी पडते. तूप-साखरेची पोळी आणि रात्रीची भाकरी शेजारी शेजारी येतात. झाकण अर्धेच उचलून, भिंतीकडे तोंड करून खाणारे मूल ज्याने पाहिले नाही असा प्राथमिक शिक्षक विरळाच.

हा डबा भरणाऱ्या हातांचाही विचार केला पाहिजे. शाळेकडून सूचना येते की मुलांना पौष्टिक डबा द्यावा, पालेभाजी द्यावी, बाजारचे तळलेले पदार्थ देऊ नयेत. सूचना रास्तच आहे; परंतु ती पालकांना उद्देशून असली तरी बजावली जाते ती आईवर. पहाटे उठून कचेरी गाठणारी कारकून स्त्री असो, की दिवस उजाडताच शेतावर मजुरीला जाणारी बाई असो, डब्यात एखाद्या दिवशी बिस्किटांचा पुडा गेला तर दोष तिच्या पदरी पडतो. पोळ्या लाटणे, भाजी चिरणे किंवा निदान डबा भरणे हे वडिलांचेही काम आहे, असे सांगणारी सूचना सहसा वाचावयास मिळत नाही.

या विषमतेवर शासनाने आपल्या परीने उपाय केला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. प्रारंभी बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नसे. हजेरी पुरी भरल्यास मुलामागे महिन्याला ३ किलो धान्य घरी दिले जाई. घरी गेलेले धान्य साऱ्या कुटुंबात वाटले जाणार हे उघडच होते. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या प्रकरणात आदेश दिला, की शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांत वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न द्यावे. महाराष्ट्रातील शाळांत खिचडी शिजू लागली, तिच्यामागे हा आदेश आहे. पुढील सुधारणांनंतर पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले.

न्यायालयाने केवळ पोटाचा विचार केला असेही नाही. २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असे सांगितले गेले. शाळेतील घास हा सामाजिक प्रश्न आहे, याची ही स्पष्ट कबुली होती. ती अनाठायी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेतील सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकीणबाईंच्या हातचे अन्न नाकारल्याचे देशाने पाहिले. मुले हे घरून शिकून आली होती, हे सांगण्याची गरज नाही.

अशा नकारांची बातमी होते. पण ज्याची बातमी होत नाही असा एक मूक नकार अनेक शाळांतून रोज घडतो. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले घरचा डबा आणतात आणि एका बाजूस बसतात. ज्यांची नाही ती ताटली घेऊन खिचडीच्या रांगेत उभी राहतात. कोणी कोणास हिणवत नाही, कोणी मज्जावही करीत नाही. तरीही खिचडी गरिबांची आणि डबा बरे चाललेल्यांचा, हा धडा दोन्हीकडची मुले पाठ करतात. विषमता मिटविण्यासाठी आणलेली योजना अशा रीतीने विषमतेचीच खूण ठरते.

महाराष्ट्राला याहून चांगली परंपरा आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले, एकत्र रांधावयास आणि एका पंगतीत जेवावयास लावले. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. त्या पंगतीत जेवणे हाच शिक्षणाचा भाग होता.

आजही हे अशक्य नाही. जपानमध्ये १९५४ पासून शालेय भोजनाचा कायदा आहे. तेथील प्राथमिक शाळेत सर्वसाधारणपणे सारा वर्ग एकच जेवण घेतो, पाळीपाळीने मुलेच वाढतात, आवराआवर करतात आणि शिक्षक त्यांच्यासमवेत वर्गातच जेवतात. जेवणाचा तास तेथे शिक्षणाचा तास मानला जातो.

येथे शिक्षकबंधू आणि भगिनी एक आक्षेप घेतील: आम्ही शिकवावे की तांदूळ मोजावा? आक्षेप योग्य आहे. धान्याचा साठा, नोंदवह्या आणि माहितीचे तक्ते यांचा भार शिक्षकांवरून उतरविलाच पाहिजे. परंतु मुलांबरोबर बसून जेवणे हे कारकुनी काम नव्हे. मुख्याध्यापकच खिचडीची ताटली घेऊन पंगतीत बसले, तर ती गरिबांची राहत नाही. दुसरी शंका आहारभेदाची. कोणाचा उपास असतो, कोणास एखादा पदार्थ सोसत नाही, कोणी सामिष खात नाही. पण एका पंगतीत बसावयाचे म्हणजे सर्वांनी एकच पदार्थ खावयाचा असे नाही. डबा आणणाऱ्याने डबा खावा. बसावे मात्र खिचडी खाणाऱ्याच्या शेजारी.

अर्थात शासनाचे उत्तरदायित्व त्यामुळे संपत नाही. २००९ मध्ये केंद्राने स्वयंपाकी-मदतनिसांचे मानधन दरमहा १००० रुपये ठरविले, आणि तेही वर्षातील दहाच महिन्यांचे. राज्ये त्यात भर घालतात. तरी इतक्या मुलांचे अन्न रांधणाऱ्या स्त्रीच्या श्रमांचे मोल आपण काय करतो, हे या आकड्यावरून कळते. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवून शाळांनी ते लोकसहभागातून द्यावे असे सांगण्यात आले. ज्या गावात वर्गणी जमणे कठीण, तेथील मुलांनाच अंड्याची गरज अधिक असते, एवढा साधा विचार त्यात झाला नाही.

खिचडी चांगली व्हावी, असे मनापासून वाटावयास हवे असेल, तर आपली मुले त्या पंगतीत बसली पाहिजेत. जे अन्न केवळ इतरांच्या मुलांसाठी असते, त्यातील खड्यांची तक्रार सहसा वरपर्यंत पोचत नाही. येत्या पालकसभेत गुणपत्रकांची चर्चा आटोपल्यावर एकच प्रश्न विचारावा: मधल्या सुट्टीत आमची मुले कोणाशेजारी बसतात? या प्रश्नाचे उत्तर बदलण्यासाठी नव्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही. एक सतरंजी आणि थोडी इच्छाशक्ती पुरेशी आहे.