कार्ड रुसलं तरी फोटो जागेवरच

जानेवारी 2004. मंगळावर उतरून जेमतेम अडीच आठवडे झाले होते, आणि ‘नासा’च्या स्पिरिट रोव्हरशी संपर्क तुटू लागला. रोव्हरचा संगणक बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा बंद पडायचा. असं साठाहून अधिक वेळा घडलं. शोध घेता घेता अभियंते रोव्हरच्या फ्लॅश मेमरीपर्यंत पोचले. कॅमेऱ्याच्या कार्डात असते त्याच जातीची ही मेमरी. प्रवासातल्या आणि मंगळावरच्या फाइल्स तिच्यात इतक्या साचल्या होत्या की त्यांची नुसती यादी सांभाळायलाही रॅम पुरत नव्हती. चिप धडधाकट होती, गोंधळ यादीचा होता. अभियंत्यांनी रोव्हरला फ्लॅश मेमरी न वापरता सुरू व्हायला लावलं, नको त्या फाइल्स काढल्या आणि फेब्रुवारीत मेमरी फॉरमॅट केली. स्पिरिट त्यानंतर 2010 पर्यंत पृथ्वीच्या संपर्कात होता.

लग्नाच्या हॉलमध्ये कॅमेऱ्यावर ‘कार्ड एरर’ झळकतं किंवा मोबाइल ‘कार्ड करप्ट झालंय’ म्हणतो, तेव्हाही बहुतेक वेळा बिघडलेली असते ती यादीच.

कार्डात फोटो एकीकडे असतात आणि कोणता फोटो कुठे ठेवलाय याची नोंद दुसरीकडे. सातबारा हरवला म्हणून शेत कुठे जात नाही, तसंच हे. फोटो डिलीट केला किंवा कॅमेऱ्यात कार्ड साधं फॉरमॅट केलं, तरी सहसा पुसली जाते ती नोंद. फोटो तिथेच पडून असतो, फक्त त्याची जागा ‘मोकळी’ समजली जाते. पुढचा फोटो नेमका त्या जागेवर लिहिला गेला, की मग जुना कायमचा गेला.

म्हणून पहिलं काम एकच: कार्ड वापरणं ताबडतोब थांबवायचं. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून आणखी दोन फोटो काढायचे नाहीत. संगणकाला कार्ड जोडल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं गेलं, तर ‘कॅन्सल’ दाबायचं. इतकी साधी गोष्ट पाळली गेली असती, तर कितीतरी बारशांचे, सहलींचे आणि आजी-आजोबांचे फोटो वाचले असते.

फोटो परत मिळवायच्या खटपटीआधी दोन-तीन किरकोळ शंका मात्र फेडून घ्याव्यात. ‘कार्ड लॉक्ड’ असा संदेश आला, तर एसडी कार्डाच्या डाव्या कडेचं चिमुकलं सरकतं बटण पाहावं. हे बटण आतल्या चिपला जोडलेलंच नसतं. कॅमेऱ्याच्या खाचेतली बारीक पट्टी त्या कडेला चाचपते आणि लिहायचं की नाही ते ठरवते. बटण झिजून निसटलं तरी कॅमेरा कार्डाला कुलूपबंद समजतो, पण फोटो सुखरूप असतात आणि रीडरमधून उतरवून घेता येतात.

दुसरी शंका क्षमतेची. 2006 साली आलेली एसडीएचसी कार्डं 32 जीबीपर्यंतची, तर 2009 च्या एसडीएक्ससीची मर्यादा 2 टीबी. जुन्या कॅमेऱ्यात किंवा रीडरमध्ये 64 जीबीचं कार्ड घातलं, तर चांगलं कार्डही खराब भासतं. तिसरी शंका मोबाइलची. अँड्रॉइड 6 पासून कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडण्याची सोय आली. तसं जोडलेलं कार्ड त्या मोबाइलपुरतं सांकेतिक रूपात बांधलं जातं आणि दुसरीकडे कुठेच उघडत नाही.

यातलं काहीच नसेल, तर फोटो परत मिळवायच्या सॉफ्टवेअरकडे वळावं. ‘फोटोरेक’ हे त्यातलं एक मोफत आणि भरवशाचं. ते यादीकडे बघतच नाही. कार्डाचा एकेक कप्पा वाचत जातं आणि फाइलची सुरुवात ओळखतं. प्रत्येक जेपेग फोटोच्या आरंभी ‘एफएफ, डी8, एफएफ’ हे ठरलेले बाइट असतात. ते दिसले, की तिथून फोटो उचलायचा. मिळालेल्या फाइल्सना मूळ नावं नसतात, आणि तुकड्या-तुकड्यांत लिहिले गेलेले मोठे व्हिडिओ अनेकदा अर्धवट येतात. पण फोटो मात्र भराभर हाती लागतात. ते त्याच कार्डावर न साठवता संगणकाच्या डिस्कवर उतरवावेत, नाहीतर वाचवलेलेच फोटो राहिलेल्यांवर लिहिले जातील.

कार्ड कोणत्याच यंत्राला दिसत नसेल, तर घरगुती उपाय थांबवावेत. आतला कंट्रोलर गेला असेल, तर सॉफ्टवेअरचं काम नाही. डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कार्डाच्या थेट आतल्या बिंदूंना तारा जोडून मेमरी वाचतात. खर्च मोठा असतो, आणि यशाची हमी नसते.

यादी बिघडते कशामुळे? फोटो लिहिला जात असताना बॅटरी संपते, कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असतानाच कुणी कार्ड ओढतं, किंवा संगणकातून ‘इजेक्ट’ न करता काढलं जातं. कधी कार्डच बनावट असतं. 8 जीबीचं कार्ड 128 चं म्हणून विकलं जातं, त्याचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो, आणि खरी जागा संपली की नव्या फाइल्स हरवतात किंवा जुन्यांवर लिहिल्या जातात. नवं कार्ड ‘एच2टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ3’ या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून, परत वाचून तपासलं, की लबाडी उघडी पडते. 64 जीबीचं कार्ड संगणकावर 59.6 दिसतं, ती मात्र फसवणूक नाही. हा मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे.

गाडीच्या डॅशकॅममध्ये किंवा घरच्या सीसीटीव्हीत कार्ड अहोरात्र पुसून लिहिलं जातं. तिथे साधं कार्ड लवकर झिजतं, म्हणून ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं घ्यावं. लग्नाचं काम करणाऱ्यांनी दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दुसरी खाच ‘बॅकअप’वर ठेवावी, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिला जातो. एकदा दगा दिलेलं कार्ड मात्र, फॉरमॅट करून चालू झालं तरी, मुंज-लग्नाच्या कामाला पुन्हा काढू नये.