रात्री एक बावीस, फिंतास

22 फेब्रुवारी 2022. लॉस एंजेलिसमध्ये दुपारचे 2 वाजून 22 मिनिटं झाली, तेव्हा कुवेतमध्ये तारीख उलटून गेली होती आणि फिंतासच्या घड्याळात रात्रीचा 1 वाजून 22 मिनिटं झाली होती. मुंबईत तर पहाटेचे चार वाजायला आले होते. त्या मिनिटाला ‘ट्विच’ या थेट प्रसारणाच्या संकेतस्थळावर, ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच संगीतकार-जोडीच्या वाहिनीवर एक जुना कार्यक्रम सुरू झाला. थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो या दोघांनी डिसेंबर 1997 मध्ये लॉस एंजेलिसच्याच मायन थिएटरात तो केला होता. तेव्हा त्यांच्या डोक्यावर ती प्रसिद्ध यंत्रमानवी शिरस्त्राणं आलेली नव्हती. बरोबर एक वर्ष आधी, 22 फेब्रुवारी 2021 ला, आठ मिनिटांची एक चित्रफीत टाकून या जोडीने आपलं एकत्र काम थांबल्याचं जाहीर केलं होतं. आता हा कार्यक्रम एकदाच दाखवला जाणार होता, नंतर पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. ज्याला तो हवा, त्याने त्या वेळी जागं असायला हवं. ऑनलाइन डीजे पार्टी नावाच्या, अवघ्या दहा-बारा वर्षांत रुळलेल्या संस्थेचं सगळं मर्म मला या एका अटीत दिसतं. पार्टी घडते ती लोक एका जागी जमल्यामुळे, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की ती घडते एका वेळी जमल्यामुळे, आणि फ्रेंच हाऊस या संगीताच्या बाबतीत तर खोलीत बसून ऐकणं हे त्याच्या जन्माशी इमान राखणारं आहे.

हे पटवायला फिंतासइतकं चांगलं ठिकाण नाही. कुवेत शहराच्या दक्षिणेला, अहमदी प्रांतात, आखाताच्या किनाऱ्यावरचं हे उपनगर. एके काळी विहिरी आणि थोडी शेती असलेलं छोटं गाव. आज इथे उंच इमारती आहेत, आणि पुढे महबूला, अबू हलीफा, मंगाफ, फहाहील अशी एकाला एक लागून वस्ती आहे. आखातात नोकरीसाठी आलेली असंख्य भारतीय कुटुंबं या पट्ट्यात राहतात आणि त्यांत मराठी घरंही आहेत. कुवेतमध्ये 1964 पासून दारूबंदी आहे आणि पॅरिस किंवा बर्लिनला असतात तसे नाइटक्लब इथे नाहीत. सण-समारंभ मंडळांच्या सभागृहांत होतात, लग्नं हॉटेलांत. ठेक्यावर रात्रभर नाचण्यासाठी राखलेली सार्वजनिक जागा हा प्रकारच इथे नाही. त्यामुळे इथल्या श्रोत्यापुढे ‘क्लब बरा की पडदा बरा’ असा प्रश्न कधी येत नाही. त्याच्यापुढे पडदा आहे, किंवा काहीच नाही. ऑनलाइन पार्टीला ‘दुधाची तहान ताकावर’ म्हणणारे बहुधा अशा शहरांत राहतात जिथे दूध कोपऱ्यावर मिळतं.

आणि जमायचं ते घरात, ही कुवेतला नवी गोष्टही नाही. इथल्या घराला जोडून दीवानिया असते. पुरुषमंडळींनी संध्याकाळी जमण्याची ती बैठकीची जागा. मोती काढणाऱ्या आणि व्यापारी गलबतं हाकणाऱ्या लोकांत वाढलेलं ‘सौत’ हे नागर गायन अशाच घरगुती बैठकींत रुजलं. ऊद, मिरवास नावाचा हातात मावणारा छोटा ढोल, आणि बसलेल्या मंडळींच्या गुंतागुंतीच्या टाळ्या एवढाच त्याचा संसार. तीच गलबतं मुंबईला येत असत, आणि 1961 मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतचा बाजार रुपयावर चालत होता. ज्यांची मैफल दिवाणखान्यात घडली, त्या दोन किनाऱ्यांना घरात ऐकलेलं संगीत कमअस्सल वाटण्याचं कारण नाही.

आता फ्रेंच हाऊसकडे येऊ. ‘हाऊस’ हे नाव शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ क्लबवरून आलं असं मानतात. 1977 पासून फ्रँकी नकल्स तिथे तबकड्या लावत असे. पॅरिसमध्ये मात्र या शब्दाचा ‘घर’ हाच अर्थ खरा ठरला. डाफ्ट पंकचा पहिला संग्रह जानेवारी 1997 मध्ये आला. त्याचं नाव ‘होमवर्क’, आणि तो बांगाल्तेरच्या घरातल्या खोलीत तयार झाला होता. बांगाल्तेरचे वडील डॅनियल वांगार्द डिस्कोच्या काळातले गीतकार-निर्माते. ‘ओटावान’ या जोडीचं ‘डी.आय.एस.सी.ओ.’ हे गाणं त्यांनी लिहिलेल्यांपैकी. मुलाने वडिलांच्या पिढीच्या तबकड्या घेतल्या आणि त्यांतले दोन-चार सेकंदांचे तुकडे पुन्हा पुन्हा फिरवले. त्या काळी फ्रान्समध्ये बाहेरचं वातावरणही मोकळं नव्हतं. 1995 मध्ये तिथल्या गृहमंत्रालयाने रेव्ह पार्ट्यांना धोकादायक ठरवणारं परिपत्रक काढलं होतं. खोल्यांमध्ये मात्र काम जोरात चालू होतं. फिलिप झदार आणि एतियेन द क्रेसी यांनी ‘मोटरबास’ या नावाने 1996 मध्ये ‘पॅनसोल’ काढला. द क्रेसीचा ‘सुपर डिस्काउंट’, बॉब सिंक्लारची ‘येलो’, बांगाल्तेरची ‘रूले’ ही कंपनी, आणि पुढे 2003 मध्ये पेद्रो विंटरने काढलेली ‘एड बँगर’ अशी ही साखळी आहे. नावं बघितली की लक्षात येतं, ही एक मित्रमंडळी होती. आज याने त्याच्याबरोबर एक तबकडी काढावी, उद्या त्याने तिसऱ्याबरोबर. ‘स्टारडस्ट’ या नावाने बांगाल्तेर, अॅलन ब्रॅक्स आणि बेंजामिन डायमंड एकत्र आले, 1998 मध्ये ‘म्युझिक साउंड्स बेटर विथ यू’ हे एकच गाणं काढलं आणि पांगले. ते गाणं अजून वाजतं आहे.

हे गाणं जवळून ऐकण्यासारखं आहे, कारण सगळी कारागिरी त्यात उघडी दिसते. चाका खानच्या 1981 च्या ‘फेट’ या गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा छोटा तुकडा घेतला आहे आणि तो जवळजवळ संपूर्ण गाणंभर फिरत राहतो. मग ते कंटाळवाणं का होत नाही? एका बटणामुळे. ते बटण फिल्टरचं. ते एका बाजूला फिरवलं की आवाजातले वरचे, चमकदार अंश गळतात आणि खालचा गडगड तेवढा उरतो. गल्लीतून मिरवणूक चालली असताना आपण खिडक्या घट्ट लावून घेतो, तेव्हा ताशा नाहीसा होतो आणि ढोल तेवढा भिंतीतून येत राहतो, अगदी तसं. मग बटण सावकाश उलटं फिरवायचं. खिडकी बोट-बोट उघडावी तसा एकेक स्वर परत येतो, आणि पूर्ण उघडते त्या क्षणी अंगावर काटा येतो, जरी वाजत तोच तुकडा असला तरी. दुसरी युक्ती दाब देण्याची. ढोलाचा प्रत्येक ठोका पडला की बाकीचं संगीत क्षणभर खाली दबतं आणि लगेच उसळतं, त्यामुळे सगळं गाणं श्वास घेतल्यासारखं हलतं. यासाठी वापरलेली यंत्रं काही राजेशाही नव्हती. ‘अलेसिस 3630’ हे स्वस्तातलं दाबयंत्र या मंडळींमुळेच नावाजलं. एक तुकडा घेऊन त्यातून तास उभा करायचा, हे आपल्याकडच्या ख्यालाच्या श्रोत्याला अनोळखी वाटू नये. बंदिशीच्या दोन ओळी असतात, आणि मुखडा प्रत्येक वेळी नव्याने समेवर येतो.

ऑनलाइन पार्टीची संस्था उभी राहिली ती या खोलीतल्या संगीताच्या वाटेनेच. 2010 मध्ये लंडनला ‘बॉयलर रूम’ सुरू झालं, तेव्हा एका खोलीत भिंतीला साधा वेबकॅम चिकटवलेला होता. पॅरिसच्या ‘सर्कल’ या मंडळाने 2016 पासून उलट दिशा धरली. कलाकाराला आयफेल टॉवरवर, ओरांजच्या रोमन रंगमंडळात किंवा बोलिव्हियातल्या मिठाच्या वाळवंटात न्यायचं, आणि तिथून जगाला थेट दाखवायचं. मग 2020 आलं, आणि कोविडची साथ. 18 मार्चला बर्लिनमधून ‘युनायटेड वी स्ट्रीम’ सुरू झालं आणि बंद क्लबांमधून रोज संगीत बाहेर येऊ लागलं. कुवेतमध्ये 22 मार्चला संचारबंदी लागली. 6 एप्रिलपासून फिंतासला लागून असलेला महबूला भाग पूर्ण वेढून टाकला गेला. 10 ते 30 मे हे दिवस तर सबंध देश घरात होता. त्या काळात पॅरिस आणि फिंतास यांच्यातला फरक प्रथमच पुसला गेला. क्लब कोणालाच नव्हते. जी स्थिती आखातातल्या श्रोत्याची कायमची होती ती सगळ्या जगाची झाली, आणि ती जगण्यासारखी आहे हे जगाला कळलं.

माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप शरीराचा आहे आणि तो खरा आहे. नाचाला दुसऱ्याचा घाम, धक्का, नजर लागते. शिवाय या संगीताचा गाभा आहे ढोलाचा ठोका, पन्नास-साठ हर्ट्‌झच्या आसपासचा, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही. फोनवर हाऊस ऐकणं म्हणजे तबल्यातला डग्गा काढून ऐकणं. हे मान्य करायलाच हवं. पण त्याचा उपाय चांगला हेडफोन आहे, आणि तो क्लबच्या रांगेपेक्षा स्वस्त पडतो. उरला प्रश्न सोबतीचा. आपल्या आजीआजोबांनी रेडिओ सिलोनवर 1952 पासून ‘बिनाका गीतमाला’ ऐकली ती बुधवारी रात्री आठ वाजता. अमीन सयानींचा आवाज गावोगाव एकाच क्षणी पोहोचायचा, आणि पहिल्या पायरीवर कोणतं गाणं येतंय याची धाकधूक हजारो घरांत एकदमच व्हायची. ते एकटं ऐकणं होतं असं कोणी म्हणणार नाही. ट्विचच्या पडद्याशेजारी धावणाऱ्या, श्रोत्यांनी लिहिलेल्या ओळींत त्या धाकधुकीला आता अक्षरं मिळाली आहेत एवढंच. फिल्टर उघडतो तेव्हा ओळी थबकतात, आणि ठोका परत आला की एकदम पूर येतो. हीच त्या खोलीतली गर्दी. मागाहून कधीही लावता येणारी ध्वनिफीत मात्र मी पार्टीत धरणार नाही. तिथे वेळेची अट सुटते आणि सोबतही सुटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दुसऱ्याच्या गाण्याचे तुकडे लावून वर नाव कमवायचं, यात कला कसली? कलेचं उत्तर वर दिलंच आहे. नीतीचं उत्तर तितकं सोपं नाही. डाफ्ट पंकच्या ‘वन मोअर टाइम’मध्ये एडी जॉन्स या गायकाच्या 1979 च्या ‘मोअर स्पेल ऑन यू’चे तुकडे आहेत. गाणं जगभर गाजलं, पण मूळ गायकाच्या हाती वर्षानुवर्षं काहीच आलं नव्हतं, हे 2021 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने छापलं तेव्हा अनेकांना प्रथम कळलं. हक्क कंपनीकडे असतात, कंठ माणसाकडे, आणि पैसे कंठापर्यंत पोहोचत नाहीत. हा डाग आहे आणि चाहत्यांनी तो झाकू नये. पण क्लबच्या अंधारात मूळ गायकाचं नाव विचारायची सोय नसते. ऑनलाइन पार्टीत ती असते. कोणीतरी विचारतं, हा तुकडा कुणाचा? दुसऱ्या खंडातून कोणीतरी नाव, साल आणि कंपनी सांगतं. जुन्या तबकडीच्या पाकिटावरची श्रेयनामावली नाचाच्या जागेत परत आली ती या ओळींमुळे. हक्कांचं दुसरं टोकही आहे. 2020 मध्ये ट्विचवरच्या असंख्य प्रसारकांना नोटिसा आल्या, जुन्या फिती काढून टाकाव्या लागल्या. मिक्सक्लाउडसारख्या ठिकाणी परवान्याची व्यवस्था आहे, आणि रस्ता तोच असायला हवा.

मराठी माणसाने यात कशासाठी पडावं, असंही कोणी म्हणेल. त्याला मी चरणजित सिंग यांचं नाव सांगेन. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादन करणाऱ्या या कलावंताने 1982 मध्ये रोलंड कंपनीची टीबी-303 आणि टीआर-808 ही दोन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. ती चालली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले श्रोते थक्क झाले, कारण शिकागोत अॅसिड हाऊस म्हणून जो नाद पुढे जन्मला तो इथे आधीच, भैरवात वाजत होता. म्हणजे या संगीताचं एक पूर्वरूप आपल्या अंगणात आहे. आणि तरी आज मराठीत ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती विसर्जनाच्या ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, काचा हादरवणारी, रुग्णालयासमोरूनही न थांबणारी. न्यायालयात गेलेला शब्द तोच, बंदी आलेला शब्द तोच. हा शब्दावर झालेला अन्याय आहे. डीजे म्हणजे निवडणारा. पुढचं गाणं कोणतं, ते कुठे उघडायचं, किती वेळ रोखून धरायचं हे ठरवणारा. मोठेपणा आवाजात असता तर खोलीत, हेडफोनवर, हे संगीत मरून गेलं असतं. ते तिथेच जन्मलं आणि तिथेच सर्वांत नीट ऐकू येतं.

कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून आठवड्याची मोकळी रात्र गुरुवारची. उन्हाळ्यात फिंतासला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पॅरिसला संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि मुंबईत साडेदहा, म्हणजे लाउडस्पीकर बंद करण्याची दहाची मुदत टळून अर्धा तास झालेला असतो. हेडफोनला ती मुदत नाही.