मॉड्युलर सिंथ रेकॉर्ड करताना येणारी घरघर

मॉड्युलर सिंथ लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना मागे घरघर किंवा बारीक शिट्टी ऐकू येत असेल, तर लगेच मॉड्यूल विकायला काढू नका! आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला, तर बहुतेक ग्राउंड लूप आहे. अशा वेळी सिंथ आणि लॅपटॉप प्लगमधून अर्थिंगला आधीच जोडलेले असतात, ऑडिओ आणि यूएसबी केबलने तीच जोडणी पुन्हा होते आणि त्या वेढ्यातून नको तो प्रवाह फिरतो.

आवाजाची पट्टी नीट ऐका, ती बरंच सांगते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० किंवा १०० हर्ट्झची जाड घरघर विजेच्या बाजूची. १ किंवा ८ किलोहर्ट्झची शिट्टी बहुधा यूएसबीची. माउस हलवल्यावर खरखर बदलली, तर ती कॉम्प्युटरमधूनच येतेय.

सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा. तरीही घरघर राहिली, तर सिंथ आणि ऑडिओ इंटरफेसच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावा. पण त्याआधी सिग्नल कमी करणारं आउटपुट मॉड्यूल हवंच! युरोरॅक प्रकारच्या मॉड्युलरचा सिग्नल साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक असतो, तो तसाच सोडला तर छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बेस फाटतो.

आणि कुणीही सांगितलं तरी प्लगची अर्थ पिन कापू नका. जिवाशी खेळ आहे तो.