सर्व्हर बदलाची अदृश्य किंमत

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नसते. म्हणून अशा एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्याकडे जाणे विनाखर्च असते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. अर्थशास्त्रात ज्याला ‘स्विचिंग कॉस्ट’ अर्थात बदलाचा खर्च म्हणतात, तो येथेही असतो. संकेतस्थळे चालविणाऱ्या वेब सर्व्हरच्या बाबतीत त्याचा मोठा भाग कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरने पाळावयाच्या नियमांच्या मांडणीत दडलेला असतो.

बाहेर प्रमाण, आत भिन्नता

ब्राउझर आणि सर्व्हर एचटीटीपी या सामायिक प्रमाणानुसार संवाद साधतात. मात्र कोणती फाइल कोणास दाखवावी, जुना पत्ता कोठे वळवावा, हे नियम लिहिण्याची सामायिक भाषा नाही. १९९५ मध्ये आलेला अपाची आणि २००४ मध्ये आलेला एंजिनएक्स, हे दोन्ही मुक्त स्रोत सर्व्हर याचे उत्तम उदाहरण आहेत. व्यवस्थापकाने मुभा दिल्यास अपाचीच्या प्रत्येक फोल्डरमध्ये ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ ही नियमांची फाइल ठेवता येते. एंजिनएक्स ती विचारातच घेत नाही. त्याचे नियम मध्यवर्ती कॉन्फिगरेशनमध्ये लिहावे लागतात. पहिल्या पद्धतीत विकेंद्रित स्वातंत्र्य आहे, परंतु प्रत्येक विनंतीला फाइल शोधण्याचा भार पडतो. दुसरीत हा भार वाचतो, पण लहानशा बदलासाठीही मध्यवर्ती व्यवस्थापकावर विसंबावे लागते.

खरा धोका

नियम चुकल्याने संकेतस्थळ बंद पडले, तर दोष लगेच कळतो. परंतु पासवर्डने संरक्षित फोल्डर स्थलांतरानंतर कोणतीही सूचना न देता सर्वांना खुले होऊ शकते. कारण संरक्षणाचा नियम नव्या सर्व्हरने वाचलेलाच नसतो.

सॉफ्टवेअर तेच राहूनही प्रश्न उद्भवतो. अपाचीच्या २०१२ मधील २.४ आवृत्तीत प्रवेश नियंत्रणाचे ‘ऑर्डर’, ‘अलाउ’ व ‘डिनाय’ हे निर्देश मागे पडून ‘रिक्वायर’ हा निर्देश आला. जुन्या नियमांसाठी सुसंगतता मॉड्यूल दिले गेले; बदलाचा खर्च टप्प्याटप्प्याने विभागण्याचाच हा मार्ग होय.

धोरणाचा अर्थ

भारत सरकारने ई-प्रशासनासाठी २०१० मध्ये खुल्या प्रमाणांचे, तर २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. अशा धोरणांमुळे एकाच पुरवठादारावरील अवलंबित्व घटू शकते, बदलाचा खर्च मात्र शून्य होत नाही. म्हणून स्थलांतराच्या अंदाजपत्रकात नियमांची सूची, त्यांचे पुनर्लेखन आणि चाचणी यांसाठी तरतूद हवी. जे दिसावयास हवे ते दिसते का, एवढेच तपासून भागत नाही. जे दिसू नये ते खरोखरच बंद आहे का, हेही तपासले पाहिजे.