अर्ध्या मिलिमीटरचा भरवसा

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेततळ्याचं खरं रूप दिसतं. पाणी तळाला गेलेलं असतं. उतारावरचा काळा प्लास्टिकचा कागद उघडा पडलेला असतो, त्यावर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि पाणी जिथे जिथे थांबत खाली गेलं तिथे क्षारांच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. मृग पंधरा दिवसांवर आलेला असतो. तळ्याची डागडुजी करायची ती याच पंधरवड्यात.

अहिल्यानगर जिल्ह्यात पाण्याची वाटणी फार विषम आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघर, रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. पाथर्डी, कर्जत, जामखेडला त्या मानाने तुटपुंज्या पावसावर वर्ष काढावं लागतं, आणि तोही वेळेवर येईलच असं नाही. संगमनेर-राहात्याचं डाळिंब, श्रीगोंद्याचं लिंबू उन्हाळ्यात जगवायचं तर साठवलेलं पाणीच लागतं. आधी फलोत्पादन अभियानातली सामूहिक शेततळी आली, मग २०१६मध्ये राज्याची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, आणि जिल्ह्याच्या माळरानावर काळे चौकोन दिसू लागले. तळं खोदायला अनुदान मिळालं. ते वर्षानुवर्षं राखायचं काम मात्र शेतकऱ्याचंच, आणि त्याचं शास्त्र फारसं कोणी समजावून सांगत नाही.

३० बाय ३० मीटर तोंडाचं, ३ मीटर खोल, एकास दीड (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं) उताराचं तळं घेऊ. त्याचा तळ २१ बाय २१ मीटर भरतो आणि त्यात १,९७१ घनमीटर, म्हणजे जवळपास २० लाख लिटर पाणी मावतं. वजन सुमारे दोन हजार टन. त्याखालच्या कागदाची जाडी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. सगळा कागद गोळा करून तोलला तर अर्ध्या टनाच्या आसपास भरेल. हा कागद पाण्याचा भार पेलत नाही. भार पेलते खालची माती. कागद फक्त पाण्याची वाट अडवतो. म्हणून कागदाखाली राहिलेला एक टोकदार खडा किंवा तुटलेलं मूळ पुढची कित्येक वर्षं वरच्या पाण्याच्या दाबाखाली आपलं काम करत राहतं. नवा कागद टाकताना आधी जमीन बडवून, पाणी मारून, चाळलेली माती दाबून तळ गुळगुळीत करतात तो यासाठीच.

‘तळं गळतंय’ ही सगळ्यात नेहमीची तक्रार. पण उन्हाळ्यात तळ्यातल्या पाण्याला जायला दोन वाटा असतात, एक खाली आणि एक वर. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला साधारण १० मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं. काठोकाठ भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून ते रोज ९ हजार लिटर होतं, कागदाला एकही भोक नसताना. त्यात डोळ्यांची फसगत होते ती उतारामुळे. पाणी उभं १ सेंटिमीटर उतरलं की एकास दीड उताराच्या कागदावर ओली रेघ १.८ सेंटिमीटर खाली सरकते. तीन दिवसांत रेघ पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली गेलेली पाहून शेतकरी हबकतो, आणि गळती मात्र नसतेच.

खात्री करायला एक बादली पुरते. तळ्याच्याच पाण्याने ती भरा, टायरच्या ट्यूबमध्ये बसवून तळ्यातच तरंगत ठेवा आणि आतल्या पातळीला खूण करा. कागदावरही पाण्याच्या रेघेला खूण करा. या काळात मोटर बंद हवी. दोन दिवसांनी कागदावरची घट १.८ने भागा. उत्तर बादलीतल्या घटीएवढं आलं तर पाणी वर गेलं. जास्त आलं तर पाणी खाली चाललं आहे. बादली काठावर ठेवू नका. तिथे ती लवकर तापते आणि हिशेब चुकतो.

गळती असेल तर पाणी स्वतःच तिचा पत्ता सांगतं. भोकावर जितकं पाणी उभं, तितका वेग जास्त. पातळी उतरेल तसा वेग मंदावतो आणि भोक उघडं पडलं की जादा घट थांबते. ती पातळी धरून चारही उतारांवर बोटभर जागाही न सोडता पाहत गेलं की भोक सापडतं. छोटं म्हणून सोडून देऊ नये. तीन मीटर पाण्याखाली एक सेंटिमीटर व्यासाचं भोक असेल आणि खाली मोकळा मुरूम असेल, तर दिवसाला तीस हजार लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकतं. खाली चिकण माती असेल तर ती पुष्कळसं अडवते.

ठिगळाचंही शास्त्र आहे. पॉलिथिलीनला डिंक धरत नाही. त्याच्या पृष्ठभागावर चिकटायला काही आधारच नसतो. म्हणून गरम हवेच्या यंत्राने दोन्ही थर वितळवून एकजीव करावे लागतात. त्याआधी जागा धुऊन, कोरडी करून, हलकी खरवडायची, कारण उन्हाने जुनावलेला वरचा थर नीट जुळत नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे. टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि तिथूनच ते उकलतं.

कागदाचा मोठा वैरी ऊनच. अतिनील किरण पॉलिथिलीनच्या लांब साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्या तुटलेल्या टोकांना धरतो आणि लवचीक कागद ठिसूळ होतो. कागदाचा काळा रंग म्हणजे त्यात मिसळलेली काजळी; ती किरण स्वतः शोषून साखळ्यांना वाचवते. ऊन कागदाची लांबीही बदलतं. पहाट आणि दुपार यांत काळ्या कागदाच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला, तर तीस मीटरचा कागद जवळपास वीतभर कमी-जास्त होतो. म्हणून तो ताणून बसवायचा नाही, सैल ठेवायचा. तळं पूर्ण कोरडंही करू नये. फूट-दोन फूट पाणी राहिलं तर तळाचा कागद उन्हापासून आणि वाऱ्यापासून वाचतो. रिकाम्या तळ्यात कागदाखाली हवा किंवा झिरपलेलं पाणी शिरलं की तो फुग्यासारखा वर येतो, कारण त्याला दाबून धरायला वर पाण्याचा भार नसतो. गाळ काढायला फावडं नको. अनवाणी पायांनी उतरून रबरी वायपरने ओढावा.

आणि एक काम सहज विसरलं जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत हेच तळं पोरांना पोहायला खुणावतं. एकास दीड उतार म्हणजे ३४ अंशांचा चढ. त्यावर पाय टिकायला जेवढं घर्षण लागतं, त्याच्या जवळपासही ओला, शेवाळलेला कागद जात नाही. पट्टीचा पोहणाराही काठाला येतो, घसरतो, पुन्हा येतो आणि दमतो. त्याची ताकद पाण्यात संपत नाही, काठावर संपते. दरवर्षी अशा बातम्या वाचून जीव तुटतो. चारही बाजूंनी काठावरच्या खांबांना घट्ट बांधलेले, हातभर अंतरावर गाठी मारलेले आणि तळापर्यंत सोडलेले दोर, पाण्यावर तरंगती ट्यूब आणि भोवती कुंपण, एवढ्याने जीव वाचू शकतो.

मात्र हे दोर दर मे महिन्यात तपासावेत आणि कमजोर निघाले तर बदलावेत. नायलॉन असो की प्लास्टिक, कागदाच्या साखळ्या तोडणारं ऊन दोराच्याही साखळ्या तोडतं, आणि दोरात काजळी नसली तर जास्तच वेगाने. गेल्या वर्षीचा दोर दिसायला शाबूत असतो. काठावर पाय रोवून, दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून तो ओढून पाहावा. तुटायचाच असेल तर तो आत्ता, आपल्या हातात तुटू दे.